केशवपन, गुंडू आणि केमो

सोलापुरात केस नसलेली बाई दिसली की लोक काय समजतात, हे ती कुठल्या पेठेत दिसली यावर ठरतं. दाजी पेठ, साखर पेठ, कन्ना चौक या पूर्व भागात ती दिसली तर लोक समजतात, तिरुपतीला जाऊन आली. कुणी तरी लगेच लाडवाचा प्रसाद मागतं. जैन वस्तीत पांढऱ्या साडीतल्या आर्यिका दिसल्या तर लोक वाट सोडून हात जोडतात. दिगंबर साधू-साध्वी दोन ते चार महिन्यांच्या आत स्वतःच्या हातांनी केस उपटतात. त्याला केशलोच म्हणतात आणि तो बघायला श्रावक जमतात. आमच्या जुन्या वाड्यांच्या गल्लीत मात्र केस नसलेल्या बाईचा अर्थ एकच होता आणि तो कुणी तोंडानं बोलत नसे. तिचा नवरा गेलेला असे.

मी या तिसऱ्या गल्लीतली. एका माध्यमिक शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली आणि केमो सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी मला आणि माझ्या यजमानांना समोर बसवून पुढे काय काय होईल ते नीट सांगितलं. उलट्या होतील, तोंड येईल, पांढऱ्या पेशी कमी होतील, ताप आला तर रात्र असली तरी निघून यायचं, हातापायांना मुंग्या येतील, थकवा येईल. केस जातील हे त्यांनी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलक्या आवाजात सांगितलं, कारण ते परत येतात. वैद्यकाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगानं वाढणाऱ्या पेशींपैकी; डोक्यावरचे दहातले नऊ केस कुठल्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात; वेगानं वाढणाऱ्या पेशी मारणं हेच या औषधांचं काम, म्हणून कर्करोगाबरोबर केसही सापडतात. पहिल्या डोसानंतर दोन ते तीन आठवड्यांत ते गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा उगवतात. शरीराला याचा काहीच त्रास नाही. तरी त्या यादीतलं हे एकच ऐकून माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईनं जेवण टाकलं. "नवरा बसलाय तुझा धडधाकट," ती म्हणाली, "आणि तू डोकं करणार?" मला आजाराची जितकी भीती तिच्या डोळ्यांत दिसली नव्हती, तितकी त्या एका वाक्यात दिसली. ती कुठून आली होती ते मला ठाऊक होतं.

माझ्या वडिलांची आत्या आमच्या घरात राहायची. तिला सगळे आक्का म्हणत. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवरा प्लेगात गेला आणि सासरच्यांनी तिला पंढरपूरला नेऊन तिचं वपन केलं. पुढची साठेक वर्षं ती तांबडं आलवण नेसून, पदर कपाळापर्यंत ओढून, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात वावरली. ठरलेल्या दिवशी सकाळी न्हावी मागच्या दारानं यायचा. आम्हां मुलांना तेव्हा पुढच्या अंगणात पाठवत. मी एकदा विहिरीच्या आडून बघितलं होतं. आक्का पाटावर मान खाली घालून बसली होती, न्हावी बोलत नव्हता, तीही बोलत नव्हती. तो गेल्यावर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच सोवळ्याच्या स्वयंपाकाला लागली. या सोवळ्यातच खरी मेख होती. सकेशा विधवेच्या हातचं अन्न देवाला चालत नसे, तिच्या हातचं पाणी कर्मठ माणूस पीत नसे. केस ठेवले तर घरात काम करण्याचा, म्हणजे दोन घास मिळवण्याचा हक्क जायचा. म्हणून कित्येकींनी स्वतःहून डोकं पुढे केलं आणि लोकांनी त्याला त्यांची श्रद्धा म्हटलं.

ही चाल सगळ्या समाजात नव्हती. मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांत होती. कष्टकरी जातींत पाट लागायचा, बाई पुन्हा संसाराला लागायची. पण लिहिणारे, छापणारे आणि वाद घालणारे ज्या घरांतले होते त्या घरांत ती होती, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिच्यावर इतकी शाई खर्च झाली. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत यमूचं वपन जबरदस्तीनं केलं जातं. ती 1890 पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः येत होती. पंडिता रमाबाईंनी मुंबईत 1889 मध्ये शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. तिनं कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी गावोगाव हिंडून पैसे गोळा केले, आणि वर्षानुवर्षं वपन केलेल्या डोक्यानं हिंडल्यावर एक दिवस ते बंद करून केस वाढवले. तिनं ते आत्मचरित्रात लिहून ठेवलं. वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मुलींना पुनर्विवाहाचं नवल वाटायचं. मला नेहमी केस वाढवण्याचंच जास्त वाटलं. पुनर्विवाहाला निदान दुसरा एक माणूस सोबत असतो. वाढणारे केस घेऊन लोकांसमोर उभं राहायचं ते एकटीनं, आणि रोज.

आणखी एक गोष्ट मी दरवर्षी सांगायचे, कारण ती पाठ्यपुस्तकात ओळीभरात उरकलेली असायची. 1890 मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि यापुढे विधवांचं वपन करायचं नाही असा ठराव झाला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते: जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' चे संपादक, गिरणी कामगारांची पहिली संघटना काढणारे. त्याच वर्षी त्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. वरच्या जातींतले सुधारक शास्त्रार्थ करत होते, तेव्हा ज्याच्या हातात वस्तरा होता त्यानंच तो खाली ठेवला. मागच्या दारानं येणाऱ्या त्या अबोल माणसाच्या मनात काय चालत असेल याचा विचार आमच्या वाड्यात कुणी केला नव्हता, लोखंड्यांनी केला. मुंबईचा ठराव सोलापुरापर्यंत पोचला नाही, निदान आमच्या मागच्या दारापर्यंत तरी नाही.

आपल्या जिल्ह्याचा या इतिहासाशी संबंध पंढरपुरामुळे जवळचा. विधवा तिथे राहायला, मरायला आणि काही वेळा लपायला यायच्या. त्यांची बाळं चंद्रभागेच्या वाळवंटात सापडायची. लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाजानं 1875 मध्ये तिथे बालकाश्रम काढला. अडलेल्या विधवेला तिथे गुपचूप बाळंत होता यायचं आणि मूल मागे ठेवून जाता यायचं. पुण्यात फुले दांपत्यानं असंच घर 1863 मध्ये काढलं होतं. आक्काला ज्या गावी डोकं करायला नेलं, त्याच गावात तेव्हा हे घर उघडून तीसेक वर्षं झाली होती.

वपन कुठल्या कायद्यानं थांबलं नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्नाचं वय वाढलं, एकेका घरानं ते न बोलता सोडून दिलं. आक्का आमच्या घरातली शेवटची. न बोलता सोडलेल्या चालीचं असं होतं की तिच्याबद्दलची भीतीही कुणी बोलून काढून टाकत नाही. शंभर वर्षांनी कर्करोगाचं निदान झालं आणि ती आईच्या तोंडून बाहेर आली. केमोच्या वॉर्डात मी पुढे ज्या बायकांशी बोलले, त्यांतल्या आमच्यासारख्या घरांतल्या बहुतेकींनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. एकीच्या सासूनं तिला हळदीकुंकवाला जायची बंदी केली होती. दुसरीनं शस्त्रक्रियेच्या आधी मंगळसूत्र काढायला लावलं म्हणून हाताला हळदीचा दोरा बांधून घेतला होता. आजार छातीत, आणि सगळ्यांचं लक्ष कपाळ, गळा आणि डोकं यांच्याकडे.

पूर्व भागात मी साठ वर्षांत कामापुरतीच गेले होते: चादरी घ्यायला, टॉवेल घ्यायला. त्या भागाची गोष्ट गिरण्यांपासून सुरू होते. 1877 च्या सुमाराला सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला आम्ही जुनी गिरणी म्हणायचो. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबंच्या कुटुंबं इथे आली. पुरुष गिरणीत नाही तर मागावर, बायका विड्या वळायला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजाऱ्याशी कानडी. मार्कंडेयाची रथयात्रा आणि दाजी पेठेतलं व्यंकटेश्वराचं देऊळ त्यांनी उभं केलं. गिरण्या बंद पडल्या, चादर आणि टॉवेल यांना 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बिडी मात्र चालू राहिली. आणि त्यांच्या घरांतून तिरुमलाचा नवस चालू राहिला. मूल व्हावं, आजार बरा व्हावा, माग लागावा, काहीही असो, नवस फेडायचा तो केस देऊन. पुरुष देतात, लहान मुलं देतात आणि बायकाही देतात. कुणी नुसत्या तीन कातरी देते, कुणी पूर्ण डोकं देते. त्या पूर्ण डोक्याला ते गुंडू म्हणतात. नवरा जिवंत असलेली, कपाळभर कुंकू लावलेली, हातभर हिरव्या बांगड्या घातलेली बाई गुंडू करून येते आणि तिच्याकडे वाईट नजरेनं कुणी बघत नाही. उलट तिच्या डोक्याला चंदन लावतात.

माझ्या पहिल्या डोसाच्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर अशीच एक बाई होती. विड्या वळणारी. तिचा तिसरा डोस होता. तिनं माझी लांब वेणी बघितली आणि विचारलं, "बाई, केस पडायची वाट कशाला बघता? आधीच गुंडू करून टाका की हो. उशीवर, ताटात, बाथरूमात, सगळीकडे पडतेत. बघून रडू येतं. आपण दिलं तर देवाला जातं, पडलं तर कचऱ्यात जातं." मी तिला म्हटलं, आमच्यात चालत नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "का चालत नाही?" तिनं अगदी मनापासून विचारलं. तिला आक्कांचं काहीच माहीत नव्हतं. त्याच शहरात, दीड मैलावर, शंभर वर्षं चाललेल्या चालीचा तिच्या कानावर शब्द नव्हता. मी तिला सगळं सांगितलं. सलाईन संपायला वेळ होता. ती ऐकून म्हणाली, "मग ते त्यांच्या मनात. तुमच्या डोक्यावर कशाला?"

मी इतिहासाची बाई. एका चालीला तोडगा दुसऱ्या चालीत असू शकतो हे मला पुस्तकांतून शिकायला मिळालं नव्हतं. सुधारकांच्या लेखांत केस ठेवणं हाच विजय असतो, आणि तो त्या काळी होताच. पण केमोत केस ठेवणं हातात नसतं. तिथे पार्वतीबाईंचा मार्ग उपयोगाचा नाही. तिथे पूर्व भागातल्या या बाईचा मार्ग लागतो. तिच्याकडे गेलेल्या केसांचा असा एक अर्थ तयार होता ज्यात नवऱ्याचं मरण नव्हतं, शिक्षा नव्हती आणि लाजही नव्हती. दोन्ही मार्गांत केसांचं काय करायचं ते बाई ठरवते, एवढं सारखं. मी तिरुपतीला गेले नाही. पण दुसऱ्या डोसाच्या आधी गल्लीतल्या सलूनवाल्याला पुढच्या दारानं बोलावलं, दिवाणखान्यात खुर्चीवर बसले आणि मशीन फिरवून घेतलं. यजमान समोर बसून होते. आईला मी आदल्या रात्री सगळं समजावलं होतं. ती देवघरातून उठून आली नाही, पण दुपारी तिनं स्वतः माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं.

हा सगळा प्रश्न सोलापुरात तुलनेनं नवा आहे, आणि तो उपचार जवळ आल्यामुळे तयार झाला. पूर्वी कर्करोग म्हणजे मुंबई. 1941 मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडलं आणि पुढची कित्येक दशकं सोलापूरची बाई रात्रीच्या गाडीनं तिकडे जायची. परळच्या फुटपाथवर किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने राहायची. तिथे सगळेच परके आणि बऱ्याच जणांना केस नाहीत. केस उगवल्यावरच ती गावी परत येई किंवा येतच नसे. पुढे बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. नर्गिस 3 मे 1981 ला स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेल्या. न्यूयॉर्कला उपचार घेऊनही गेल्या. त्यांच्या नावाचं रुग्णालय बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी असणं ही मला आपल्या जिल्ह्याची फार मोठी गोष्ट वाटते. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांचे कार्यकर्ते खेड्याखेड्यांतून हिंडले, बायकांना रक्तस्राव, गाठ, पांढरं जाणं यांबद्दल सांगत राहिले. त्या काळी त्या भागात स्तनापेक्षा गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त होता. कुठलंही मोठं यंत्र न आणता, नुसतं बोलून, बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचं त्यांनी नोंदींवरून दाखवलं. पुढे सोलापुरातही केमो मिळू लागलं. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, त्यात केमोही. तीच पुढे 2017 मध्ये महात्मा फुल्यांच्या नावानं चालू राहिली. फुल्यांचं नाव या गोष्टीत तिसऱ्यांदा आलं.

हे सगळं चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याबरोबर एक झालं. आता बाई सकाळी एसटीनं येते, सलाईन घेते आणि संध्याकाळी आपल्याच गल्लीत परत जाते. मुंबईच्या गर्दीत जे डोकं कुणाच्या नजरेत भरत नव्हतं, ते आता तिच्या सासूच्या, जावेच्या, पाणवठ्यावरच्या बायकांच्या समोर असतं. रस्त्यावर एक वेळ बरं असतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो आणि गाडीवरून जाणारी प्रत्येक मुलगी डोकं-तोंड स्कार्फनं गुंडाळूनच निघते. तिथे आपण एकीसारख्या एक. त्रास घरात आल्यावर, स्कार्फ सोडल्यावर सुरू होतो. विगचा विचार मीही केला. मे महिन्यात सोलापुरात विग घालून दाखवावा कुणी. घामानं टाळूला पुरळ येतं आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना पुरळ नको असतं. मला आमचा पातळ सुती टॉवेल पाण्यात भिजवून, पिळून डोक्याला गुंडाळणं सगळ्यात बरं पडलं. परदेशात डोस चालू असताना टाळूला गार पाण्याची टोपी घालतात, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि औषध केसांच्या मुळांशी कमी पोचतं. 2017 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत ती वापरलेल्या निम्म्या बायकांचे केस बऱ्यापैकी टिकले, न वापरलेल्यांपैकी एकीचेही नाहीत. ती टोपी महागडी असते.

केस घेणारं औषध लाल असतं. वॉर्डात त्याला लाल डोस म्हणतात. इटलीत कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून त्याच्या घराण्यातलं पहिलं औषध निघालं आणि जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून याचं एड्रियामायसिन हे नाव पडलं. त्यानं लघवीही लाल होते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर बाई घाबरते. मी नंतर प्रत्येक नव्या बाईला ते सांगायचे. उलट्यांचं मात्र माझ्या वेळी बरंच आवरलेलं होतं. ऑन्डान्सेट्रॉन 1991 च्या सुमाराला आलं. त्याआधी केमो घेतलेल्या बायकांच्या तोंडून ऐकलं की अंगावर काटा येतो. डोसाच्या नुसत्या आठवणीनं, दवाखान्याच्या वासानं त्यांना उलटी व्हायची आणि काही जणी उपचार अर्धवट टाकून जायच्या. आता त्याबरोबर ओलान्झापिन देतात. त्यानं दिवसभर झोप येते. टाटा रुग्णालयानं 2024 मध्ये दाखवून दिलं की दहा मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी उलट्या तितक्याच थांबतात आणि गुंगी कमी राहते. घरी परत जाऊन स्वयंपाक करावा लागणाऱ्या बाईसाठी हा शोध फार मोलाचा आहे. तोंड आलं तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी डोळ्यांनी बघायची. ताजी भाकरी दुधात कुस्करून, गार करून, दोन-दोन घास खायची. थर्मामीटर उशाशी. शंभर पॉइंट चारच्या वर गेला की घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठायचं. केमोतला ताप वाट बघण्यासारखा नसतो, हे मी इथे पुन्हा लिहिते.

लाल डोस संपल्यावर मला आणि विड्या वळणाऱ्या त्या बाईला, दोघींना पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. हे औषध यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालं. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्याची रचना 1971 मध्ये मांडणारे मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे. 1925 मध्ये तिथे जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले. स्तनाच्या कर्करोगासाठी ते 1994 पासून वापरात आहे आणि त्यानं असंख्य बायकांचं आयुष्य वाढवलं. त्याचा त्रास बोटांना होतो. टोकं बधिर होतात, मुंग्या येतात, नखं काळी पडतात. मला ब्लाउजची बटणं लागेनात, खडूसारखं काही हातात धरलं तर सुटायचं. मला ते निभावलं. मला पेन्शन आहे.

तिचं तसं नव्हतं. बिडीचं पान फर्म्यावर कात्रीनं कापायचं, त्यात चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा बांधायचा. हे सगळं बोटांच्या टोकांवर चालतं, डोळे टीव्हीवर असले तरी बोटं चालतात. मजुरी हजार विड्यांमागे. पान ओलं राहिलं, विडी सैल झाली की कारखान्यात ती छाटून टाकतात, ती मोजत नाहीत. तिच्या बोटांना दोरा कळेना. हजारांच्या जागी तिच्या निम्म्याही होईनात. माझ्यासारखी बाई केसांसाठी रडत होती तेव्हा तिनं मला गुंडूचा उपाय हसत सांगितला होता. बोटांसाठी तिच्याजवळ उपाय नव्हता. आणि केस तीन-चार महिन्यांत आले, माझे तर चक्क कुरळे आले, पण बोटांचा बधिरपणा दोघींचा वर्ष उलटलं तरी पूर्ण गेला नाही. कितीएकींचा जातच नाही. ज्या दुष्परिणामाला इतिहास आहे त्याची चर्चा घराघरांत होते. ज्याला फक्त मजुरी आहे त्याची नोंद केस पेपरवर दोन शब्दांत होते. तिनं डॉक्टरांना ते सांगितलंच नव्हतं, कारण सांगितलं तर औषध थांबवतील अशी तिला भीती होती. मी तिला घेऊन गेले आणि सांगायला लावलं. त्यांनी मात्रा कमी केली, दोन डोसांतलं अंतर बदललं. हे करता येतं, फक्त बाईनं वेळेवर बोलायला हवं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे गावात होऊ द्यायचं नाही. काही दिवसांतच राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. या चळवळीमागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे होते. करमाळा म्हणजे आपल्याच जिल्ह्याचं टोक. ती बातमी मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. आईनं विचारलं, त्यात डोक्याचं काही आहे का? नव्हतं, कारण डोक्याची चाल आता राहिलेली नाही असं सगळ्यांना वाटतं. पण केमोच्या वॉर्डात ती अजून येते, आणि म्हणून त्या ठरावाची एक प्रत तिथल्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं.

दवाखान्यांकडून मला आणखी तीन गोष्टी हव्यात. पहिल्या डोसाच्या आधी बाईबरोबर तिच्या सासूला किंवा आईला बोलावून केसांचं सांगावं, नुसत्या नवऱ्याला सांगून भागत नाही. ज्यांना आधीच डोकं करून घ्यायचं असेल त्यांच्यासाठी तिथेच एक न्हावी किंवा पार्लरवाली ठरलेल्या दिवशी बसावी. आणि पॅक्लिटॅक्सेलच्या प्रत्येक डोसाला बाई हातानं काय काम करते हे विचारून लिहावं: विड्या, शिलाई, माग, भाकऱ्या. योजनेत औषधाचे पैसे मिळतात, बुडालेल्या मजुरीचे मिळत नाहीत. बिडी कामगारांच्या संघटना या शहरात जुन्या आणि बळकट आहेत. हजारी मजुरीवरच्या बाईला केमोच्या महिन्यांत निदान अर्धी मजुरी मिळावी ही मागणी त्यांनी घ्यावी, म्हणून मी त्यांच्या कचेरीत अर्ज दिला आहे. त्यावर पहिली सही माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईची आहे. बोटांनी पेन नीट धरता येत नाही म्हणून तिनं ती तेलुगूत, मोठ्या अक्षरांत, वेळ घेऊन केली.